मावशींच्या कानाचं कॅलिब्रेशन

"यांच्या कानाचं कॅलिब्रेशन झालंय का?" सल्लागार मॅडमनी मला विचारलं आणि मी मोठ्यानं हसलो. मग पाहिलं तर त्या हसत नव्हत्या. हातात पेन होतं आणि ते कागदावर टेकलेलं होतं.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आतल्या रस्त्याला आमचा छोटा कारखाना आहे. पंपात बसणाऱ्या बिडाच्या रिंगा आम्ही करतो. रिंग म्हणजे बांगडीपेक्षा थोडी मोठी आणि बरीच जाड. ओतीव माल बाहेरून येतो, लेथवर मापात उतरतो, मग रंग आणि पॅकिंग. पण रंगाच्या आधी प्रत्येक रिंग खिडकीजवळच्या एका टेबलावर जाते. त्या टेबलामागे मावशी बसतात. रिंग डाव्या हाताच्या पहिल्या बोटात अडकवायची आणि उजव्या हातातल्या छोट्या सळईनं तिला हळूच टोला द्यायचा. चांगली रिंग वाजते. घंटेसारखी नाही, पण घंटेच्या एखाद्या गरीब चुलत बहिणीसारखी. आत तडा असेल तर बद्द वाजते आणि तिची रवानगी लाल ट्रेमध्ये होते. मावशींच्या टेबलावरून तडा गेलेली रिंग गिऱ्हाइकाकडे गेली, असं माझ्या आठवणीत एकदाही झालेलं नाही. सगळे त्यांना कानवाल्या मावशी म्हणतात.

मी स्टोअर सांभाळतो. शिवाय हौशी नाटकात कामं करतो, आणि याच गुन्ह्यासाठी मला पकडलं गेलं. झालं असं, की आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. गुणवत्ता, सुरक्षा आणि पर्यावरण अशा तिन्ही व्यवस्थापन पद्धती लागू करून प्रमाणपत्रं मिळवा, नाहीतर पुढल्या वर्षी ऑर्डर विसरा. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुम्ही नाटकात असता ना?"

"हो साहेब. पण रजा टाकूनच जातो."

"रजेचं सोडा. पाठांतर चांगलं असेल तुमचं."

"आहे बऱ्यापैकी."

"मग हे तुम्ही करा," म्हणून त्यांनी ते पत्र माझ्या हातात दिलं. अशा रीतीनं मी व्यवस्थापन प्रतिनिधी झालो. इतकं भारदस्त पात्र मला रंगमंचावर कधी मिळालं नव्हतं.

मॅडम पुण्याहून यायच्या, दर रविवारी, कारण आमची सुट्टी शनिवारी असते. त्यांच्याकडे तीन जाड फायली होत्या. निळी गुणवत्तेची, लाल सुरक्षेची आणि हिरवी पर्यावरणाची. आणि एक मंत्र होता : जे करता ते लिहा, जे लिहिलंय ते करा. पहिल्या दिवशी मला वाटलं, आता वर्षभर जांभया. पण आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं, की लोकांच्या कामात नाक खुपसायचा लेखी परवानाच मला मिळालाय. इतकी वर्षं मी सगळ्यांना हातमोजे, तेल आणि पॉलिश पेपर देत आलो होतो. त्यांचं पुढं काय होतं, हे विचारायची सोयच नव्हती. आता मी वही घेऊन कुणाच्याही शेजारी उभा राहायचो आणि विचारायचो, "तुम्ही नक्की काय करता?"

काय काय निघालं म्हणून सांगू! रंग पातळ झाला का, हे आमचे रंगारी काडी बुडवून बघायचे. काडीवरून शेवटचा थेंब पडेपर्यंत मनात 'विठ्ठल' म्हणायचं. चार विठ्ठलांत पडला तर रंग बरोबर. मॅडमनी लिहून घेतलं, "चार सेकंद." रंगारी बिथरले. "ताई, माझा विठ्ठल सेकंदापेक्षा लांब आहे." मी स्टोअरमधून स्टॉपवॉच आणलं. चार विठ्ठलांना सात सेकंद लागले. पुन्हा मोजलं, पुन्हा सात. तिसऱ्यांदाही सातच. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी रंगाऱ्यांकडे. त्या गृहस्थांना मात्र कसलंच आश्चर्य वाटलं नव्हतं. आमचाच वेळ जातोय, असा चेहरा करून ते उभे होते.

मग आग विझवायची नळकांडी. दसऱ्याला आम्ही सगळ्या यंत्रांची पूजा करतो, आणि नळकांडी यंत्रात मोडतात की नाहीत याचा विचार न करता त्यांचीही करतो. झेंडूचा हार मानेत बसतो आणि कुंकू लावायला समोर सपाट गोल जागा दिसते, ती नेमकी दाब दाखवणाऱ्या काट्याची काच. मॅडम एकेका काचेवरचं कुंकू रुमालानं पुसत, काटा हिरव्यात आहे का बघत फिरल्या. लेथवाले कामगार टोप्या काढून मागं उभे. शेवटी आम्ही लाल फायलीत नियमच घातला : कुंकू नळकांड्याच्या अंगाला लावावे, काचेला लावू नये. मॅडमनी त्यावर सही केली. वर "हा नियम मी आजवर कुठल्याच कारखान्यात लिहिलेला नाही," असंही म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात मला थोडं कौतुक ऐकू आलं.

या सगळ्या आनंदात मी मावशींच्या टेबलाशी पोहोचलो.

"मावशी, तुम्ही नक्की काय करता?"

"ऐकते."

"आणि मग?"

"मग टाकते."

"इतकंच?"

"मग आणिक काय, गाणं म्हणू?"

मी वहीत लिहिलं, "रिंगेचा आवाज ऐकून तपासणी." ते वाचून मॅडमनी तो कॅलिब्रेशनचा प्रश्न विचारला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मोजायचं प्रत्येक साधन वेळोवेळी तपासून घ्यावं लागतं, ही निळ्या फायलीतली पहिली अट. आमची सगळी मापं वर्षातून एकदा प्रयोगशाळेत जाऊन येतात. कान कसा पाठवायचा? दुसरा उपाय होता : प्रत्येक रिंगेला लाल रंग लावायचा, पुसायचा आणि वर पांढरी पावडर फवारायची. तडा असेल तर तिथं लाल रेघ उमटते. वेळ जातो, पण ते कागदावर दाखवता येतं.

"मग मावशी?" मी विचारलं.

"पॅकिंगला," मालक म्हणाले. वाईट माणूस नव्हे. पत्राची तारीख त्यांच्या डोक्यावर बसली होती.

ही बातमी माझ्या आधी मावशींकडे पोहोचली. त्या मूळच्या चांदवडकडच्या, लग्न होऊन नाशकात आलेल्या, आणि आमच्या कारखान्यात माझ्याही आधीपासून. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मी गेलो तर त्यांनी हातातली सळई खाली ठेवली.

"पॅकिंगला समदा दिस उभं राहायचं, भाऊ. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक हायेत."

"मी बोलतो साहेबांशी."

"गुडघ्याचं बी जाऊ द्या. तिथं काय, खोकं भरायचं. कुणीबी भरील. ही खुर्ची माझी हाय. हिच्यावर बसून मी एक बी खोटी रिंग जाऊ दिली नाय."

"मी बघतो मावशी."

"तुम्ही नाटकवाले. तुमचं बघतो म्हंजी पडदा पडला." असं म्हणून त्यांनी पुढची रिंग बोटात घातली.

तेव्हापासून माझ्यापुरता त्या तीन फायलींचा अर्थ एकच झाला : मावशींची खुर्ची राहते की जाते.

पुढल्या रविवारी लाल फायलीनं आणखी गोंधळ केला. मॅडम आवाज मोजायचं यंत्र घेऊन आल्या. कॉम्प्रेसरशेजारी आकडा चढला, लेथपाशी आणखी चढला. मावशींच्या टेबलाजवळ त्या यंत्र धरून उभ्या असताना आकडा एकदम उडाला आणि खिडकीची काच थरथरली. मॅडम दचकल्या.

"हे काय होतं?"

"तोफ," मी म्हणालो. "देवळाली कॅम्पला सराव असतो."

"दर रविवारी?"

"ते त्यांना विचारावं लागेल. हे कुठल्या फायलीत घालायचं?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी लगेच चहा सांगायला गेलो. पण तोफ वगळूनही आवाज मर्यादेबाहेर होता. निकाल : यंत्रांपाशी काम करणाऱ्या प्रत्येकानं कानात बोळे घालायचे. आमच्याकडे इअरप्लगला बोळेच म्हणतात.

केबिनमध्ये मालकांनी तिन्ही फायली समोर मांडल्या. "म्हणजे निळी म्हणते मावशींनी ऐकायचं. लाल म्हणते मावशींनी ऐकायचं नाही. हिरवी काय म्हणते?"

"हिरवी म्हणते, कॉम्प्रेसरचा आवाज शेजारच्या प्लॉटपर्यंत जातो," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

"म्हणजे शेजाऱ्यांनाही ऐकू येऊ द्यायचं नाही."

मला हसू आवरेना. मालकांनी डोळे वटारले. पण खरं सांगायचं तर मला तो पेच फार आवडला होता. एका बाईच्या दोन कानांवर तीन जाड फायली उभ्या आहेत आणि एकीलाही हलता येत नाहीये, असं दृश्य कुणी लिहिलं असतं तर दिग्दर्शकानं ते अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं.

बोळे सक्तीचे करायचे तर आधी सगळ्यांचे कान तपासून ठेवायचे, असाही नियम होता. तपासणीची गाडी गुरुवारी फाटकाशी येऊन उभी राहिली. एकेक जण आत जाऊन, हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबून बाहेर येत होता. मावशी त्या दिवशी कामावर आल्याच नाहीत. मी हजेरीचं पुस्तक उघडून बघितलं, कारण मला खात्री वाटेना. याआधी गुडघे सुजलेले असतानाही त्या रिक्षा करून आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाल्या, "उपास होता."

"उपासाला कधीपासून रजा घ्यायला लागलात?"

"कडक होता."

पण नियम तो नियम. पुढच्या आठवड्यात मी त्यांना सिडकोतल्या एका दवाखान्यात पाठवलं. अहवाल पाकिटात बंद होऊन माझ्याकडे आला. पाकीट उघडलं आणि तो कागद मी तीनदा वाचला. डावा कान जवळजवळ गेलेला. उजवा अर्धा.

तो कागद लाल फायलीत लावायचा होता. मी तो स्टोअरच्या कपाटात, जुन्या पॉलिश पेपरच्या गठ्ठ्याखाली ठेवला. हे बरोबर नव्हतं, पण मला आधी एक गोष्ट कळल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. इतकी कमी ऐकू येणारी बाई इतकी वर्षं आवाज ऐकून तडा कशी काय शोधते?

मग मी हेरगिरी सुरू केली. रिंगा मोजायच्या निमित्तानं त्यांच्या टेबलामागं उभा राहायचो. कॉम्प्रेसर धडधडत सुरू झाला की बाकीचे बोलताना आवाज चढवायचे. मावशींचा हात जसा चालला होता तसाच चालायचा. एकदा मी त्यांच्या पाठीमागून, अगदी डाव्या कानाशी, नाटकी आवाजात म्हणालो, "महाराणी, शत्रू वेशीपाशी आला!" काही नाही. मान हलली नाही. मात्र त्याच क्षणी बोटातली रिंग त्यांनी लाल ट्रेमध्ये टाकली. ती रिंग मी गुपचूप घेऊन गेलो, लाल रंग लावला, पुसला, पावडर मारली. कडेला केसाएवढी लाल रेघ उमटली.

मी परत आलो तर मावशी माझ्याकडेच बघत होत्या.

"काय लावलंय हे चार दिस? सावलीसारखं मागं मागं."

मी समोर गेलो, म्हणजे त्यांना माझे ओठ दिसावेत. "मावशी, अहवाल आलाय."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. मग बाकड्याखालची पिशवी वर घेतली. तिच्यात डबा होता, आणि डब्याखाली फडक्यात गुंडाळलेल्या दोन जुन्या रिंगा. रंग उडून गेलेल्या, हाताळून गुळगुळीत झालेल्या.

"ही चांगली. ही तडकलेली. रोज सकाळी आधी ह्या दोन घेती मी बोटात. मग काम."

"कशासाठी?"

"बोट जागं हाय का बघाया. थंडीत लवकर जागं होत नाय. तवा चहाचा कप धरून बसती थोडा येळ."

"म्हणजे तुम्ही बोटानं..."

"हळू बोला. कान जाऊन लय वरसं झाली. आधी आवाज बारीक झाला, मग मी बोटाकडं ध्यान द्यायला लागले. चांगली रिंग बोटात गुणगुणती, बराच येळ. तडकलेली लगेच गप होती." त्यांनी रिंगा पुन्हा फडक्यात गुंडाळल्या. "कुणाला सांगू नका भाऊ. कानवाली म्हणून खुर्ची दिली. कान नाय म्हटल्यावर ठेवतील व्हय?"

मला सांगायचं होतं, की ठेवतील. पण 'जे करता ते लिहा' या मंत्राचा मीच पुजारी. 'ऐकतात' असं लिहिलं तर खोटं, आणि बोळे घातले की ते खोटंही टिकणार नाही. 'बोटानं' लिहिलं तर मावशींचं गुपित सगळ्यांसमोर. दोन दिवस मी वही मिटूनच फिरलो. एकदा वाटलं, सरळ साहेबांना जाऊन सांगावं. पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

शेवटी एक मधला रस्ता मी मॅडमना सुचवला. काही चांगल्या रिंगा, काही तडकलेल्या, सगळ्या मिसळून मावशींना द्या. कोणती कशी, ते फक्त तुम्हाला माहीत. बोळे घालून तपासू देत. नापास झाल्या तर पॅकिंग. मॅडमना हे एकदम पटलं. अशी चाचणी त्यांच्या निळ्या फायलीत होतीच, आणि माणसाची पारख अशीच तपासतात म्हणाल्या. मी मावशींना सांगितलं. "बोळ्यांचं मला काय," एवढंच त्या म्हणाल्या. मला वाटलं, गुपित न फुटता खुर्ची वाचली. मनातल्या मनात मी टाळ्याही घेतल्या.

चाचणी रविवारी जेवणाच्या सुट्टीनंतर ठेवली. तीस रिंगा. कॉम्प्रेसर चालू. मालक स्वतः येऊन उभे राहिले. मॅडमनी मावशींना सगळा जामानिमा चढवला : कानात बोळे, डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे. लाल फायलीप्रमाणे सुट्ट्या रिंगा हाताळताना मोजे हवेतच, कारण लेथवरून उतरलेल्या रिंगेच्या कडेला बारीक धार राहते. चांद्रयानात बसायला निघाल्यासारख्या मावशी खुर्चीवर बसल्या.

पहिली रिंग. टोला. मावशी थबकल्या. पुन्हा टोला. डावीकडे, चांगल्यांत. दुसरी. पुन्हा थबकल्या. मला कळेना. त्यांचा हात असा अडखळताना मी कधी बघितला नव्हता. तिसावी रिंग ठेवून झाल्यावर मॅडमनी आपला कागद काढला आणि जुळवला.

"सात चुकल्या."

मालकांनी सुस्कारा सोडला. "शेवटी कान बंद केले की काय होणार. मावशी, तुमचा दोष नाही हो."

मावशींना ते ऐकू गेलं नसणार. पण माझा पडलेला चेहरा त्यांना दिसत होता. त्या काही क्षण हातांकडे बघत बसल्या. आणि मग, कुणाला न विचारता, उजवा मोजा काढला. डावा मोजा काढला. दोन्हींची नीट घडी करून टेबलाच्या कडेला ठेवले. कानातले बोळे मात्र त्यांनी बोटांनी आणखी आत दाबले, सगळ्यांना दिसेल असे.

"आता द्या," त्या म्हणाल्या.

मॅडमनी रिंगांचा क्रम बदलला. मावशींनी सुरुवात केली. टोला, डावीकडे. टोला, लाल ट्रे. टोला, डावीकडे. लेथवाले आपापली कामं सोडून जवळ आले होते आणि त्यांना हाकलायचं कुणालाच सुचत नव्हतं. मॅडमनी कागद जुळवला. मग पुन्हा जुळवला.

"एकही चूक नाही."

तिसऱ्यांदा क्रम बदलला. तेव्हाही एकही नाही.

"पण कान तर बंद आहेत!" मॅडम जवळजवळ ओरडल्या. ही बाई इतका वेळ फायलींमागे लपली होती, आणि आता तिच्या चेहऱ्यावर तेच कुतूहल होतं जे माझ्या चेहऱ्यावर गेले काही महिने होतं.

मावशींनी बोळे काढून तळहातावर ठेवले. "कान कवाच बंद झालाय, ताई. डावा पार गेला, उजवा अर्धा हाय. मी बोटानं ऐकती. मोजा घातला की बोट बहिरं होतं."

कॉम्प्रेसर धडधडत होता.

"किती दिवस झाले?" मालकांनी विचारलं. मग लक्षात येऊन त्यांच्यासमोर येऊन पुन्हा विचारलं.

"तुमचे वडील बसायचे ना केबिनमधी, तवापासनं."

"आणि आम्ही सगळे तुम्हाला कानवाल्या मावशी म्हणतो."

"म्हणा की. मला कुठं ऐकू येतंय."

लेथवाले फुटले. मालकही हसले, पण अर्धवट. कारण मॅडम कॉम्प्रेसरकडे बघत होत्या, आणि तो मावशींच्या खुर्चीपासून किती पावलांवर आहे, हे आम्हा सगळ्यांना तेव्हाच पहिल्यांदा दिसलं. "हा कान बहुधा इथंच गेला असणार," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मी स्टोअरमध्ये जाऊन पॉलिश पेपरखालचा कागद आणला आणि लाल फायलीत लावला. मालकांनी तो उभ्याउभ्या वाचला. उशीर का, हे त्यांनी मला विचारलं नाही. दोन आठवड्यांत कॉम्प्रेसर मागच्या भिंतीपलीकडे, जाड विटांच्या खोलीत गेला. शेजारचा प्लॉट खूष, हिरवी फाइल खूष. मावशींना फरक पडला नाही, पण त्यांच्यामागून येणाऱ्यांना पडेल.

मोज्यांचा पेच उरला होता. तो मावशींनीच सोडवला. "धार काढूनच पाठवा की माझ्याकडं. मला बी टोचती." खरंच, कडेची धार आधी घासून घेतली तर मोज्यांची गरजच उरत नव्हती. आजवर ते काम तपासणीनंतर व्हायचं. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी निळ्या फायलीत पान बदललं. तपासणीची नवी पद्धत मावशींसमोर बसून लिहिली. रिंग कुठल्या बोटात, टोला किती हलका, रोज सकाळी आधी दोन नमुन्याच्या रिंगा. 'थंडीत बोट गरम करून घ्यावे' हे वाक्य मॅडम खोडतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी फक्त 'थंडीत'चं 'थंड हवामानात' असं केलं.

ऑडिट दोन दिवस चाललं. ऑडिटर साहेब उंच आणि मृदू बोलणारे. त्यांनी मावशींचं टेबल गाठलं, पद्धत वाचली, दोन नमुन्याच्या रिंगा स्वतः बोटात अडकवून बघितल्या. मग मावशींसमोर येऊन त्यांनी स्पष्ट उच्चारात विचारलं, "हे तुमच्याशिवाय आणखी कुणाला येतं?"

"नाय."

"तुम्ही आजारी पडलात तर?"

"पडत नाय मी."

ते हसले, पण कागदावर शेरा लिहिलाच. पद्धत मान्य, मात्र एवढं काम एकाच व्यक्तीच्या बोटावर अवलंबून. ठराविक मुदतीत आणखी माणसं तयार करावीत. प्रमाणपत्रं मिळणार, हे नक्की झालं. मालक मिठाई सांगायला धावले.

मावशी मात्र खुर्चीवरून उठल्या नाहीत. मी पेढा घेऊन गेलो तर त्यांनी तो कागदात बांधून ठेवला.

"शिकवलं की उठवणार मला. सरळ हाय."

"असं कुठं लिहिलंय?"

"उठवणार म्हणून कुठं लिहीत असतात व्हय, भाऊ?"

मी तसाच केबिनमध्ये गेलो आणि मावशी काय म्हणाल्या ते मालकांना शब्दाला शब्द सांगितलं, त्यांच्याच आवाजात. नाटकवाला आहे, तेवढं येतं. मालकांनी पेढा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीजवळ, मावशींच्या खुर्चीशेजारी, त्याच उंचीची दुसरी खुर्ची होती. आणि मालकांच्या सहीचा एक कागद टेबलाच्या काचेखाली सरकवलेला : निवृत्तीपर्यंत या तपासणीच्या प्रमुख आणि प्रशिक्षक मावशी. मावशींनी तो मला दोनदा वाचायला लावला, दुसऱ्यांदा हळू.

पॅकिंगमधल्या दोघी आता रोज दुपारी आळीपाळीनं अर्धा तास शिकायला बसतात. एकीला जमायला लागलंय. त्या उठल्या, की कधीकधी मी त्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसतो. स्टोअरच्या माणसाला याची काही गरज नाही. पण आवाज बोटात येतो म्हणजे काय होतं, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

"तुम्हाला जमायचं नाय," मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "तुमचं ध्यान तोंडात हाय. पण बसा."

त्या माझ्या बोटात रिंग अडकवतात. मी डोळे मिटतो. टोला.

"काय आलं?"

"काही नाही."

"मनगट सैल सोडा. भाषण करायचं नाय. आता?"

"मुंग्या आल्यासारखं काहीतरी."

"किती येळ राहिल्या?"

मी विचार करतो. वाटतं की बराच वेळ राहिल्या, अजूनही थोड्या आहेत. "राहिल्यात. चांगली रिंग आहे, मावशी."

त्या माझ्या बोटातून ती काढून घेतात आणि लाल ट्रेमध्ये टाकतात.

"तडा हाय," त्या म्हणतात, आणि दुसरी रिंग उचलतात. "बोट पुढं करा."